पसारा आणि पुरावा

फोनची साफसफाई करा, मन हलकं होईल, असं सांगणारे लेख आणि रील्स आता मराठीतही भरपूर मिळतात. नको ती ॲप काढा, नोटिफिकेशन बंद करा, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सल्ला चुकीचा नाही, पण तो कुणा दुसऱ्याच्या घरासाठी लिहिलाय असं वाचताना सारखं जाणवतं. परभणीच्या, जिंतूरच्या, पाथरीच्या ज्या मोहल्ल्यांत आपण राहतो तिथे कित्येक घरांत दुसरी खोलीच नाही आणि फोनही दोघा-तिघांत एक. त्याच फोनवर भावाचा पोलीस भरतीचा फॉर्म, अम्मीचे दवाखान्याचे रिपोर्ट, बहिणीचे कॉलेजचे ग्रुप आणि अब्बूंच्या गाड्यावरचं यूपीआय. हा फोन बाजूला ठेवून शांतता मिळवा, असं म्हणणाऱ्याने आधी हे घर पाहायला हवं.

तरीही साफसफाईचा विषय टाळता येणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मराठवाड्यातल्या खेड्यापर्यंत डेटा स्वस्त झाला. तेव्हापासून जमत आलेला माल आपण कधी उपसलेलाच नाही. गॅलरी उघडून बघा. दर शुक्रवारचं 'जुमा मुबारक', गुलाबाच्या फुलावरचं 'सुप्रभात', कुणाच्या तरी वलीम्याची पत्रिका, एकाच बयानाचे बारा तुकडे, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवरचे विनोद, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी अब्बूंच्या आधार कार्डाचा तिरका फोटो. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलने फोनमधली जागा मोकळी करणारं फाइल्स गो हे ॲप आणलं, तेव्हा भारतीयांच्या सुप्रभात संदेशांनी भरलेले फोन हा जगभर बातमीचा विषय झाला होता. त्यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा आणि 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' यात 'माझे संपर्क' निवडा. ही दुसरी सोय २०१९ पासून आहे, पण आपल्यातल्या फार थोड्यांनी ती वापरली आहे. एवढं झालं की फुलांचा प्रश्न मिटला.

मनावरचं ओझं मात्र फुलांचं नसतंच. रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्यावर जे बघितलं जातं, त्याचं असतं. कुठेतरी दाढीवाल्या म्हाताऱ्याला मारताहेत. कुठेतरी बुलडोझर चालतोय. कुठेतरी एक अँकर ओरडतोय. व्हिडिओ खरा असतो, कधी खरा पण चार वर्षं जुना, कधी भलत्याच देशातला. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. पान कधीच न संपण्याची ही युक्ती, जिला 'इन्फिनिट स्क्रोल' म्हणतात, २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने बनवली आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं जात होतं. म्हणजे तुम्ही संतापून लाल चेहरा दाबलात की तीच पोस्ट आणखी लोकांपुढे जायची. पुढे कंपनीने ते वजन काढून टाकलं. पण तुमचा राग हा कुणाच्या तरी हिशोबाच्या वहीत जमेच्या बाजूला लिहिला जातो, हे त्या आकड्याने उघड केलं.

इथे आपल्या मुलामुलींची एक खास अडचण आहे, जी त्या साफसफाईच्या लेखांत कधीच येत नाही. बघणं थांबवलं तर आपण आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडलं, असं त्यांना वाटतं. 'तिकडे लोकांवर जुलूम होतोय आणि मी फोन बंद करून झोपू?' हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याची टिंगल करू नये. उत्तर मात्र रोखठोक द्यायला हवं. तो व्हिडिओ अकराव्यांदा पाहिल्याने मार खाणाऱ्याला काहीही मिळत नाही. त्याला एफआयआरची प्रत हवी असते, वकील हवा असतो, दवाखान्याचा खर्च हवा असतो, कोर्टात उभा राहणारा साक्षीदार हवा असतो. यातलं एकही काम रात्री साडेअकराला अंगठ्याने होत नाही. उलट बघून बघून 'आपण काहीतरी केलं' असं खोटं समाधान मिळतं आणि सकाळी जे खरंच करता आलं असतं त्याला अंगात बळ उरत नाही.

बातमी आली तर आधी पडताळा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, हे सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे, आणि ते आपण सगळ्यांनी जुम्याच्या खुतब्यात कधी ना कधी ऐकलंय. गंमत अशी की ही आयतसुद्धा न पडताळलेल्या फॉरवर्डच्या खाली चिकटवून फिरते.

न पडताळलेल्या गोष्टीची किंमत महाराष्ट्राने अनेकदा मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठार मारलं. ते मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते, भिक्षा मागत फिरणारे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच जणांनाच फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. त्याआधी २ जून २०१४ ला पुण्यातल्या हडपसरमध्ये मोहसीन शेख या सोलापूरच्या तरुणाला नमाजहून परतताना जमावाने मारलं. फेसबुकवरच्या ज्या आक्षेपार्ह चित्रांवरून शहर पेटलं होतं त्यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून दंगल झाली आणि सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून मशिदीवर हल्ला होऊन नूरुल हसन शिकलगार या तरुणाचा जीव गेला.

या सगळ्यात दोष दगड उचलणाऱ्याचा आहे, स्टेटस ठेवणाऱ्या पोराचा नाही. हे आधी स्पष्ट म्हटलं पाहिजे, कारण आपल्याकडे घरातली मोठी माणसं लगेच 'तुम लोगां कायको डालते' म्हणून पोरांवरच घसरतात. आणि बोलण्याचा हक्क तर आहेच. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टसाठी आणि तिच्यावरच्या लाइकसाठी अटक झाली होती. एक मुस्लिम, एक हिंदू. त्यानंतर गाजलेल्या खटल्यात २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्दच केलं. पण हक्क असणं वेगळं आणि चोवीस तासांत पुसलं जाणाऱ्या स्टेटसवर तो खर्च करणं वेगळं. ज्याला खरंच म्हणणं मांडायचंय त्याने लेख लिहावा, तहसीलदाराला निवेदन द्यावं, आपल्या नावाने सभेत बोलावं. कुणीतरी बनवलेली तलवारीची क्लिप, मागे संगीत, खाली दोन शब्द... हे म्हणणं नव्हे. ती क्लिप बनवणाऱ्याचं गाव आणि नावही आपल्याला माहीत नसतं, आणि उद्या दारात पोलीस आले तर तो येणार नसतो. फोनमधली पहिली साफसफाई स्टेटसची व्हावी, असं माझं मत आहे.

आता दुसरी बाजू. सगळंच पुसून टाकणंही आपल्याला परवडणारं नाही, आणि हे परभणीला वेगळं सांगायला नको. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्टेशनसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं, धरपकड झाली. अटकेतल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या दिवसांत शहरात जे काही पसरत होतं त्यात भरपूर कचरा असणार. पण पोलीस कारवाईबद्दल पुढे जे प्रश्न विचारले गेले, त्यांच्या मागे लोकांनी आपल्या मोबाइलवर काढलेले व्हिडिओही होते. आणि जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने या मृत्यूप्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, तेव्हा उपयोगी पडले ते शवविच्छेदनाचा अहवाल आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी. कागद. घोषणा आणि स्टेटस तिथपर्यंत पोचलेच नसते.

म्हणून पसारा कुठला आणि पुरावा कुठला, हे ओळखता आलं पाहिजे. कुणी धमकी दिली, घर भाड्याने देताना धर्मावरून नाकारलं आणि तसं लिहून पाठवलं, नोकरीच्या ठिकाणी काही बोललं, तर ते पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसायला हवी. व्हिडिओ स्वतः काढला असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, तो कधी, कुठे, कुठल्या फोनने काढला ही आतली माहिती त्यात उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि दहाव्या माणसाकडून आलेल्या फॉरवर्डबद्दल असं प्रमाणपत्र कोण देणार? चाळीस ग्रुपवर टाकलेल्या क्लिपपेक्षा एका फोनमध्ये जपलेली मूळ फाइल मोठी असते.

कागदपत्रांचंही तसंच. नागरिकत्वाच्या वादानंतर, म्हणजे २०१९-२० पासून, आपल्या घरोघरी दाखले शोधायची धांदल सुरू झाली ती थांबलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये उशिरा नोंदलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने एसआयटी नेमली. जून २०२५ मध्ये वक्फ मिळकतींच्या नोंदीसाठी उमीद पोर्टल आलं आणि मशिदी-कब्रस्तानांच्या विश्वस्तांवर कागद शोधायची वेळ आली. मराठवाड्यात जुने कागद निजामाच्या काळातले, उर्दूत, पिवळे पडलेले. ते ट्रंकेत असतात आणि त्यांचे फोटो कुणाच्या तरी चॅटमध्ये, 'मुबारक' आणि 'आमीन' यांच्या ढिगाखाली. फोन पडला, बिघडला की गेले. हे काम घरातल्या शिकलेल्या पोरानेच करायचं आहे आणि एका रविवारी होण्यासारखं आहे. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर करा. उजेडात, सरळ, चारही कोपरे दिसतील असा फोटो घ्या. फाइलला नाव द्या, 'आयएमजी' आणि पुढे चौदा आकडे असं ठेवू नका. जे डिजिलॉकरमध्ये मिळतं ते तिथून घ्या. एक संच फोनबाहेर, पेनड्राइव्हवर, आणि एक झेरॉक्स काढून घरात. शाळेचा टीसी, जन्मदाखला, रेशनकार्ड, सातबारा यांवर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं असेल तर ते तेव्हाच लक्षात येईल. 'शेख', 'शेक' आणि 'शे.' यांनी आपल्या कित्येकांची शिष्यवृत्ती अडकवली आहे.

याच्या उलट एक सवय मोडायला हवी. फॉर्म भरायला गेलं की दुकानदार म्हणतो, 'व्हॉट्सॲप करा', आणि आपण आधार, पॅन, पासबुक, सही, सगळं त्याच्या नंबरवर टाकून मोकळे. काम झालं, पण ते फोटो त्याच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पडून. शक्य तिथे शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्या, आणि प्रिंट निघाल्यावर समोर उभं राहून 'दोन्ही बाजूंनी डिलीट करतो' म्हणा. दुकानदार ओळखीचा असतो, त्याला राग येत नाही. झटपट कर्जाच्या ॲपांची तर गोष्टच वेगळी. सप्टेंबर २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपने तुमचे संपर्क, कॉल लॉग आणि फोटोंना हात लावायचा नाही. जे ॲप ते मागतं, ते ठेवण्याचं काहीच कारण नाही.

ग्रुपांबद्दल थोडं. सगळे सोडा असं मी म्हणणार नाही. आपल्या शहरात जनाजा किती वाजता, कुठल्या कब्रस्तानात, नळ कधी येणार, कुणाला रक्त हवंय, हे ग्रुपवरच कळतं. पण यासाठी एकच ग्रुप पुरतो, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतो. बाकीच्या सात ग्रुपांवर तीच बातमी सात वेळा येते आणि सोबत सत्तर इतर गोष्टी. ॲडमिन म्हणतात, कुणाला काढलं तर नाराजी होते. होऊ द्या. सभासदाच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणावर गुन्हा लादता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. त्यामुळे भीतीपोटी काढा असं म्हणत नाही. घरातला कचरा आपण कुणाच्या भीतीने काढत नाही.

वेळेचं काय करायचं? कॅल न्यूपोर्ट या अमेरिकी प्राध्यापकाने २०१९ च्या 'डिजिटल मिनिमलिझम' या पुस्तकात तीस दिवस ऐच्छिक ॲप पूर्ण बंद ठेवायला सांगितलंय. आपल्याला हा महिना आयताच मिळतो, पण रमजानमध्ये आपले फोन उलट जास्त चालतात. सहरीची रील, इफ्तारचा फोटो, आणि आता एतेकाफला बसणाऱ्याच्या पिशवीत चार्जरही असतो! त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव मला जास्त जवळचं वाटतं. कोविडमधल्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांची पुस्तकं सुटली म्हणून २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, आणि साडेआठला पुन्हा भोंगा होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने वेगळी वाट धरली, अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव. दोन्हींत वडगाव बरं, कारण तिथे मोठ्यांचाही फोन बंद होतो. पोराचा फोन काढून घ्यायचा आणि स्वतः ओट्यावर बसून रील्स बघायच्या, यातून पोरगं एवढंच शिकतं की फोन ही मोठं झाल्यावर मिळणारी मजा आहे.

आपल्याकडे भोंग्याचीही गरज नाही. मगरिब ते इशा हा सव्वा तासाच्या आसपासचा वेळ रोज ठरलेलाच आहे. लोडशेडिंगच्या काळात मराठवाड्यातल्या घरांना ही शांतता फुकट मिळायची, सगळे ओट्यावर येऊन बसायचे, त्याला कुणी डिटॉक्स म्हणत नव्हतं. आता ती ठरवून आणावी लागेल. पण ठरवायचं घराने. मशीद कमिटीने किंवा मोहल्ल्यातल्या चार बुजुर्गांनी नियम करायला घेतला की काय होतं ते आपण पाहिलंय. नियम सगळ्यांसाठी असतो आणि फोन मुलीचाच जातो.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या नावांनी मुस्लिम महिलांचे फोटो चोरून त्यांचा ऑनलाइन 'लिलाव' मांडला गेला. पत्रकार, वकील, विद्यार्थिनी. बोलणाऱ्या बायका निवडून काढल्या होत्या. त्यांनी तक्रारी केल्या, मुंबई पोलिसांनी अटकाही केल्या. पण त्या आठवड्यात कित्येक घरांत पहिली प्रतिक्रिया काय असेल याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. फोटो काढून टाक, अकाउंट बंद कर, फोन दे इकडे. ज्यांनी लिलाव मांडला त्यांना हेच तर हवं होतं. मुलीने स्वतः ठरवून अकाउंट खाजगी केलं, फोटो कमी केले, अनोळखी लोक काढले, तर ती तिची साफसफाई. भावाने तिचा फोन उघडून केली तर ती झडती.

गंगाखेड किंवा सेलूहून एसटीने कॉलेजला येणाऱ्या मुलीसाठी तो फोन म्हणजे एमपीएससीचे व्हिडिओ, हॉलतिकीट, नर्सिंगच्या प्रवेशाची यादी आणि बस चुकली तर घरी कळवायची सोय आहे. घरात फोन एकच असेल, तर साफसफाईला बसण्याआधी वेळापत्रक करा आणि भिंतीवर लावा. संध्याकाळी मगरिब ते इशा कुणाचाच नाही. इशानंतरचा एक तास तिच्या अभ्यासाचा, रोज, परीक्षा असो वा नसो. भावाची क्रिकेट मॅच असेल त्या दिवशीसुद्धा.